पयनघाट नेमका कुठून कुठवर? परिसरकोशाच्या कामाच्या नोंदी

९ जून

परिसरकोशात ‘प’ लागला. ‘पट्टी’ झाली, ‘पडीत’ झालं, ‘पऱ्हाटी’वर तर पोरांनी पानभर मजकूर आणला. मधल्या ‘पयनघाट’ला मात्र गाडी अडली.

कोश म्हणजे फार मोठं काही नाही. आमच्या वाचनालयाचा उद्योग आहे: वऱ्हाडातल्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत चालणारे शब्द गोळा करायचे, शेतीचे, घरातले, आणि मुलखाची नावं. शाळेचे भूगोलाचे सर आहेत, एक निवृत्त तलाठीसाहेब आहेत, नववी-दहावीची पोरंपोरी आहेत. टायपिंग ग्रामपंचायतीच्या संगणकावर, लाइन असेल तेव्हा.

सरांनी फळ्यावर लिहिली ती व्याख्या अशी: वऱ्हाडाचा मधला सखल भाग, उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याचे, मधून पूर्णा. बरोबर आहे. पण तलाठीसाहेब म्हणाले, “सर, सारी नोकरी याच भागात झाली माझी. हा शब्द कागदावर पाहिला, कोणाच्या तोंडून नाही ऐकला.” पोरींनी घरी विचारलं, तर एकीची आजी म्हणाली, “कोनता घाट? घाट तं तिकडं राह्यला.”

मग लोक बोलतच नाहीत तो शब्द परिसरकोशात कशाला, असा प्रश्न निघाला. माझं मत: ठेवायचा. सात-बारावरचे निम्मे शब्दही लोक घरात बोलत नाहीत, पण त्यांच्यावाचून वावर विकत घेता येत नाही.

११ जून

फोड सोपी निघाली. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर, ‘पाईन’ म्हणजे खाली. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, पाईनघाट किंवा पयनघाट म्हणजे घाटाखालचा. वऱ्हाडाचे तीन भाग पूर्वीपासून असेच सांगतात: उत्तरेला मेळघाट, मधे पयनघाट, दक्षिणेला बालाघाट. मेळघाट म्हणजे जिथे घाट एकमेकांना मिळतात तो डोंगराळ भाग.

म्हणजे ‘मधला’ असा अर्थ या शब्दात मुळात नाहीच. शब्द सांगतो फक्त ‘खाली’. दोन्हीकडून डोंगर आहेत म्हणून खालचा तो मधला झाला, काठ उचललेल्या परातीसारखा.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा सरांनी आणखी एक जोड दिली. जुन्या कागदांत ‘कर्नाटक बालाघाट’ आणि ‘कर्नाटक पयनघाट’ अशीही जोडी येते. तिथला पयनघाट म्हणजे अर्काटच्या (आजच्या तमिळनाडूतल्या) नवाबाचा मुलूख, पूर्व घाटाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचा. शब्द तोच. तिथे त्याचा अर्थ किनारपट्टी, आणि इथे जिथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो कोस लांब, अशी जागा.

बालाघाटांचं तर विचारूच नका. एक वऱ्हाडाचा दक्षिणेकडचा पठारी भाग, एक बीड-धाराशिवकडची डोंगररांग, आणि एक मध्य प्रदेशातला जिल्हा, जो १८६७ मध्ये बनला. गोंदियाला गाडीत बसून बालाघाटला उतरलेल्या माणसाला आपल्या मेहकरच्या बालाघाटाशी काही देणंघेणं नसतं. ही नोंद ‘ब’मध्ये करायची आहे, तिथे सविस्तर लिहू.

१५ जून

आज बुलढाणा जिल्ह्यातून आलेले शिक्षक भेटले, लग्नाच्या पंगतीत. त्यांना सहज विचारलं, तर सगळा उलगडा बसल्या जागी झाला.

त्यांच्याकडे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे रोजचे शब्द आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, खुद्द बुलढाणा: घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर: घाटाखाली. मोताळा पायथ्याला. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘घाटाखालील तालुक्यांत पावसाची दडी’ अशी. उमेदवार घाटावरचा की घाटाखालचा, सोयरीक घाटावर करायची की खाली, बदली कुठे झाली, सगळीकडे हाच हिशेब. मलकापूरहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढला की हवा बदलते हे तर एसटीच्या खिडकीत बसणारं लेकरूही सांगेल.

तर ‘पयनघाट’ मेलेला नाही. फारसी कपडा उतरवून तो मराठीत हिंडतो आहे. ‘घाटाखाली’ हे त्याचंच घरचं नाव.

पण एक फरक आहे, आणि नोंदीत तो आला पाहिजे. ‘घाटाखालचा’ हे वरचा माणूस जास्त म्हणतो. आमच्याकडे, जिथून अजिंठ्याचे डोंगर फक्त ढग नसतील त्या दिवशी निळी रेघ म्हणून दिसतात, तिथे कोणी स्वतःला घाटाखालचा म्हणत नाही. संध्याकाळी पारावर विचारून पाहिलं. आबाजींनी तंबाखू मळता मळता निकाल दिला: “आमी काऊन घाटाखालचे? आमी पूर्णाकाठचे.”

त्यात गंमत अशी की हाच घाटाखालचा पोरगा नोकरीला मुंबईत गेला की तिथे त्याला ‘घाटी’ म्हणतात. तिथला घाट म्हणजे सह्याद्री. शेगावचा माणूस घरी खालचा आणि दादरला वरचा.

पूर्णेचंही असंच दुहेरी. बुलढाणा जिल्ह्याला दोन पूर्णा आहेत. घाटाखालची सातपुड्यात उगम पावून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते, म्हणजे तिचं पाणी अरबी समुद्रात. घाटावरची, जिला खडकपूर्णा म्हणतात, ती गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. कोशात ‘पूर्णा’ची नोंद करणाऱ्या पोरीला हे सांगितलं. तिने दोन वेगळी पानं केली आणि दोन्हीवर लाल शाईनं ‘ही ती नव्हे’ लिहून ठेवलं. तसंच छापायला हरकत नाही.

१८ जून

पाऊस नाही. पेरण्या खोळंबल्या. वाचनालयात माणसं कोशासाठी नाही, हवामानासाठी येतात.

रेडिओवर लागलं, ‘मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पाऊस’. एकानं सरांना विचारलं, “सर, मध्य महाराष्ट्र म्हंजे आपूनच ना? मंग पानी कुठी हाये?” हसले सगळे, पण प्रश्न खोटा नव्हता. हवामान खात्याच्या हिशेबात राज्याचे चार उपविभाग आहेत: कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ (कोकणाला गोवा जोडलेला). त्यांच्या मध्य महाराष्ट्रात कोल्हापूर आहे, सातारा आहे, नंदुरबारही आहे. म्हणजे कर्नाटकाच्या वेशीपासून गुजरातच्या वेशीपर्यंतची पश्चिमेकडची पट्टी. राज्याच्या नकाशाचा खरोखर मध्य काढू गेलं तर बोट परभणीच्या आसपास पडतं, आणि ते आहे मराठवाड्यात.

मुंबईचा कोकण किनारा सोडून आत शिरलं की जे पहिल्यांदा लागतं ते ‘मध्य’, असा हा हिशेब दिसतो. त्याच्या पलीकडचे आम्ही मध्याच्याही पलीकडचे.

सरांनी लगेच मध्य रेल्वे काढली. अकोला, बडनेरा, भुसावळ या रेल्वेवर, पण ५ नोव्हेंबर १९५१ ला स्थापन झाल्यापासून तिचं मुख्यालय मुंबईत, बंदराशेजारी. मी म्हटलं, सर, कोशाबाहेर चाललो आपण. तरी नोंद ठेवली.

२२ जून

‘मध्यप्रांत’.

हा शब्द ‘म’मध्ये यायचा, पण पयनघाटाच्या नोंदीशी जोडून बघायचा ठरलं, कारण गावातल्या नव्वदीच्या पुढच्या एका आजोबांकडे जुना कागद निघाला, त्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’. ते अजून ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणतात. “सीपीत होतो तवा नागपूर राजधानी व्हती. मंग मुंबईत गेलो.” गेलो कुठेच नाही, बसल्या जागी राज्य बदललं.

सरांनी तारखा मांडल्या. इंग्रजांनी १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेकडचा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत बनवला. वऱ्हाड त्यात नव्हतं. ते १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, पण मालकी निजामाची. १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडलं. १९५० मध्ये या सगळ्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ‘मध्य’ हे नाव उत्तरेकडे राहिलं आणि जिथे राजधानी होती ते नागपूर त्या नावातून बाहेर पडलं.

नागपुरात झीरो माइलचा दगडी खांब आणि घोडे आहेत, लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणतात. त्या खांबाचा संबंध इंग्रजांच्या मोजणीशी आहे. तो देशाचा नेमका मध्य आहे याला आधार नाही, असं अभ्यासक सांगतात. आमच्या कोशाला त्या वादाशी घेणं नाही. पोरांना मात्र तो वादच जास्त आवडला. सहल काढायची म्हणतात.

इंग्रजांच्या ‘मध्य’मध्ये आणि आमच्या पयनघाटात फरक असा: त्यांचा मध्य कलकत्ता, मुंबई आणि मद्रास यांच्या मधोमध उरलेल्या मुलखाचं नाव होता. तीन टोकांच्या हिशेबातून उरलेलं ते मध्य. पयनघाट उरलेला नाही. तो खरोखरची खोलगट जागा आहे, पाय ठेवला की कळते.

२७ जून

थोडक्यात: ‘देश’ आणि ‘मध्यदेश’ही पाहून घेतले.

कोकणातला माणूस सह्याद्री चढून आला की ‘देशावर’ येतो. तिथे देश म्हणजे वरचं, आतलं पठार. देशस्थ हे नाव त्यातूनच. वऱ्हाडात कोणी ‘मी देशावर राहतो’ म्हणत नाही, तरी कोकणातून पाहणाऱ्याला आपणही देशावरच.

मनुस्मृतीतला मध्यदेश हिमालय आणि विंध्याच्या मधला, सरस्वती लुप्त होते तिथपासून पूर्वेला प्रयागपर्यंतचा. त्याच शब्दापासून नेपाळातलं ‘मधेस’ आलं असं मानतात. आणि मधेस आहे कुठे? नेपाळच्या दक्षिण कडेला, बिहारला लागून. २०२२ मध्ये एका प्रांताचं नावच मधेश ठेवलं त्यांनी. मध्याचं नाव एका देशाच्या काठावर जाऊन बसलं. वऱ्हाडाचंही उलटसुलट आहेच: ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाडाचं मूळ नाव वर्धातट दिलं आहे, वर्धा नदीचा तट. वर्धा तर वऱ्हाडाच्या पूर्वेच्या शिवेवर. आख्ख्या मुलखाला नाव मिळालं ते काठावरून. ही व्युत्पत्ती पक्की मानू नये, पण अबुल फजलनं लिहिली आहे एवढं नक्की.

३ जुलै

पाऊस झाला एकदाचा. पेरणीमुळे निम्मी मंडळी गायब. उरलेल्यांना घेऊन आज पाण्याची फेरी केली. माझ्या मते पयनघाटाची खरी व्याख्या डोंगरांत नाही, विहिरीत आहे.

पूर्णेच्या काठचा हा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. नद्यांनी आणून टाकलेला गाळ इथे शेकडो फूट खोल आहे. चिकण थर, पाण्याचा निचरा मंद, ऊन भरपूर. क्षार खाली साठत गेले आणि भूजल खारं झालं. पंपानं तेच पाणी वावरात घातलं तर जमीन चोपण होते, म्हणजे क्षारानं कडक होऊन बिघडते, म्हणून विहीर असूनही कोरडवाहू. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. “पाणी आहे मग ओलीत का नाही करत?” असं विचारतात.

आधी नदीकाठच्या जुन्या विहिरीवर गेलो. दोर आहे, बादली नाही. तलाठीसाहेबांनी डबा बांधून सोडला. पाणी दिसायला नितळ. जिभेला आधी काही नाही, मग मागे घशात मचूळ, आणि ओठांवर कोरडेपणा राहतो तो राहतोच. सरांनी विरघळलेले क्षार मोजणारा मीटर घातला, आकडा लिटरमागे अडीच हजार मिलिग्रॅमच्या वर गेला. पिण्याच्या पाण्याला पाचशेपर्यंत चांगलं मानतात, दुसरी सोयच नसेल तर दोन हजारापर्यंत चालवून घेतात. विहिरीच्या काठाच्या दगडांवर पांढरी खरप जमली होती, नखानं खरवडली की पीठ पडायचं. शेजारच्या वावरातल्या मावशी म्हणाल्या, “या पान्यात तुरीची दाय शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, संध्याकाळी दाणे मोजून घ्या.” एका पोरीने लगेच वहीत लिहिलं: ‘दाणे मोजून घ्या: न शिजलेल्या डाळीबद्दल.’ कोशाला या पोरींनीच तारलं आहे.

मग मोटारसायकलींवरून उत्तरेला, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे. तास-दीड तासात चित्र बदललं. संत्र्याच्या बागा, केळी, हिरवं रान. अंजनगावकडे पानमळे लागतात ते याच पायथ्याच्या पट्टीत. विहिरीचं पाणी गोड. मीटरचा आकडा निम्म्याहून कितीतरी खाली. डोंगरावरून उतरणारं पाणी इथल्या गोटे-वाळूच्या थरांत मुरतं, तेच पुढे सपाटीत जाऊन खारं होतं.

म्हणजे नकाशावर पयनघाट एकच. वर्षानुवर्षं राहणाऱ्याला त्यात दोन मुलूख आहेत: पायथ्याचा गोडा आणि मधला खारा. आणि सर्वांत मधलं जे, तेच पिण्याजोगं नाही. आता वान धरणावरून नळ आलेत बऱ्याच गावांत, आठवड्यातून कधी येतात ते वेगळं. पण मुलगी द्यायची म्हटली की अजून कोणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, “गावाले पानी कोनतं?”

८ जुलै

नकाशाचं काम. फार वेळ गेला, हाती थोडं आलं.

दक्षिणेची रेघ सरांनी घाटाच्या कडेनं ओढली: राजूर घाट, बोथ्याचा घाट, पातूरचा घाट. ती बरी बसली. उत्तरेला गाविलगडचा पायथा, तीही सोपी. पश्चिमेला पूर्णेच्या मागे मागे मलकापूरपर्यंत. पूर्वेला मात्र पयनघाट संपतो कुठे? अमरावतीच्या पुढे पाणी वर्धेकडे वळतं, पण जमीन तशीच काळी, पीक तेच, बोलीही फारशी बदलत नाही. तलाठीसाहेब पाण्याच्या उताराची रेघ मागतात, सर पुस्तकातली. मी ठिपक्यांची रेघ सुचवली. कोणालाच आवडली नाही, म्हणून तीच राहिली.

इंग्रजी गॅझेटियरमधलं वर्णन सरांनी तोंडी सांगितलं: पावसाळा सरता सरता सगळं पिकानं झाकलेलं, आणि उन्हाळ्यात ना हिरवळ, ना सावली, ना पाणी. लिहिणारा बहुधा मे महिन्यात आला असावा. पण याच सपाटीमुळे रेल्वेनं हा रस्ता धरला: मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, कापसासाठी. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला भाव देऊन गेलं होतं. तेव्हाच्या साहेबाला पयनघाट म्हणजे कापसाचं वावर. घाटावरून गाड्या उतरायच्या त्या खामगाव-अकोल्याच्या बाजाराला. ‘बाजाराला खाली जाणे’ हा प्रयोग घाटावर अजून ऐकू येतो, त्या शिक्षकांनीच सांगितला होता. नोंदीत घेतला.

१४ जुलै

शीर्षशब्द ‘पयनघाट’ ठेवला, ‘पाईनघाट’ला ‘पाहा’ दिलं. पोरांना पाईन म्हटलं की झाड आठवतं.

अर्थ कोणत्या क्रमानं द्यायचे यावर शेवटची बैठक झाली. सरांना मूळ अर्थ आधी हवा, तलाठीसाहेबांना दप्तरातला. मी म्हटलं, कोण बोलतो ते आधी लिहू, अर्थ त्याच्या मागे. तसं केलं. मसुदा असा झाला:

‘पयनघाट, पु. (फारसी पाईन = खाली + घाट) दप्तरात व पुस्तकांत: वऱ्हाडाचा गाविलगड व अजिंठा डोंगरांमधला सखल भाग, पूर्णेचं खोरं. घाटावरच्या लोकांच्या बोलण्यात: घाटाखाली, घाटाखालचा. भागातल्या लोकांच्या बोलण्यात हा शब्द नाही. ते पूर्णाकाठ, खारपाण किंवा गावाचं नाव सांगतात. कर्नाटकासंबंधी जुन्या कागदांत: पूर्व घाटाखालचा समुद्रकाठचा मुलूख. पाहा: घाट, घाटी, चोपण, पूर्णा, बालाघाट, मध्यप्रांत, मेळघाट.’

‘भागातल्या लोकांच्या बोलण्यात हा शब्द नाही’ हे वाक्य काढा असं सर म्हणत होते, कोशात नकार लिहीत नाहीत म्हणून. मतं घेतली, वाक्य राहिलं.

‘मेळघाट’साठी चिखलदऱ्याकडच्या कोरकू बोलणाऱ्या एका शिक्षकांना फोन केला आहे. ते म्हणाले, ते लोक स्वतःच्या डोंगराला काय म्हणतात ते विचारून कळवतो, पण रोवणी होऊ द्या.